दुकानाचा संगणक : प्रोसेसर आणि मदरबोर्डची जोडी पारखून घ्या

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज-१० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा बंद केला. पुढच्या विंडोज-११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ज्यांच्या गल्ल्याजवळ आठ-दहा वर्षांचा संगणक आहे, अशा व्यापारी व कारागीर बांधवांना ‘हा भंगारात टाका, नवा घ्या’ असा सल्ला मिळतो. खामगावचा कापड दुकानदार असो, मलकापूरचा सुटे भाग विकणारा असो की चिखलीचा फर्निचर कारागीर, त्याला संगणक लागतो तो बिल काढायला, जीएसटीचे विवरण भरायला, उधारीची यादी ठेवायला आणि गिऱ्हाइकाला कोटेशन पाठवायला. एवढ्या कामासाठी मोठी रक्कम अडकवण्याचे कारण नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

यावर उपाय म्हणजे लिनक्स. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते व कायदेशीररीत्या कितीही यंत्रांवर बसवता येते. आपल्या सी-डॅक संस्थेने ‘बॉस’ नावाची तिची भारतीय आवृत्ती काढली आहे. मराठी आणि उर्दू या दोन्ही लिपी लिनक्सवर लिहिता येतात. चोरीची प्रत घालून देणारे मेकॅनिक पुष्कळ आहेत. पण कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून त्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. चार पैसे वाचवण्यासाठी हा धोका धंद्यात का घ्यावा?

आधी काम पाहा

लिनक्स सर्वांच्याच सोयीचे नाही, हे आधीच सांगतो. टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम विंडोजसाठी बनलेला आहे. पत्रिका छापणारे, फ्लेक्स करणारे आणि उर्दू मजकूर जुळवणारे बांधव कोरल-ड्रॉ व इनपेज वापरतात; तेही विंडोजचेच. अशांनी निदान एक यंत्र विंडोजवर ठेवावे. ज्यांची टॅली वकील किंवा सी.ए. सांभाळतात आणि दुकानात फक्त बिल, पत्र व इंटरनेट चालते, त्यांना लिनक्स पुरेसे आहे. जीएसटीचे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडते आणि एकल मालकाला विवरणावर मोबाइलच्या ओटीपीने सही करता येते.

काही घेण्यापूर्वी एक चाचणी जरूर करावी. लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन, संगणकात न बसवताच चालवून पाहता येते. त्यात तुमचा प्रिंटर, स्कॅनर आणि वाय-फाय चालतात का ते बघा. काही लेझर प्रिंटर येथे हटकून अडतात. चाचणी समाधानकारक झाली तरी जुनी सर्व माहिती दुसऱ्या डिस्कवर उतरवल्याशिवाय नवी प्रणाली बसवू नका.

जुनेच यंत्र चालेल काय?

पुष्कळदा चालते. इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीचे आय-३ किंवा आय-५ प्रोसेसर, म्हणजे एच-६१ व एच-८१ जातीच्या मदरबोर्डवरचे, दुकानाच्या कामाला आजही पुरेसे आहेत. लिनक्स मिंटच्या हलक्या एक्सएफसीई आवृत्तीला ४ जीबी रॅम चालते. ८ जीबी असल्यास ब्राउझर अडखळत नाही. अशा यंत्राचा खरा अडसर जुनी फिरती हार्डडिस्क हा असतो. तिच्या जागी साधी साटा एसएसडी घातली की तोच संगणक नव्यासारखा धावतो. नवा प्रोसेसर घेण्यापेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. संगणकाची तारीख रोज चुकत असेल तर ब्राउझर संकेतस्थळ असुरक्षित म्हणून उघडू देत नाही. लोक समजतात यंत्र गेले. प्रत्यक्षात मदरबोर्डवरचा रुपयासारखा गोल सेल संपलेला असतो. सीआर-२०३२ नावाचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

नवी जोडी घेताना

मदरबोर्डच जळाला असेल किंवा दुकानात पहिलाच संगणक येणार असेल, तर प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम या तिन्ही वस्तू एकमेकींना जुळतात की नाही हे कागदावर लिहून मगच पैसे द्यावेत. माल अकोल्याहून, जळगावहून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला आणि घरी येऊन बोर्ड जुळला नाही, तर परत जाण्यात एक दिवस दुकान बंद राहते.

एएमडीचा अ‍ॅथलॉन ३०००-जी हा २०१९ सालचा, अवघ्या ३५ वॅटचा प्रोसेसर साध्या कामास चांगला. पण तो ए-३२० किंवा बी-४५० बोर्डवर घ्यावा. ए-५२० बोर्डच्या खोबणीत तो बसतो, मात्र त्या जातीच्या बोर्डसाठी एएमडीने त्याचा पाठिंबा दिलेला नाही. बसला म्हणजे चालू होईलच, असे नाही.

इंटेलकडे एच-६१० बोर्डवर पेंटियम गोल्ड जी-७४०० किंवा आय-३ १२१०० घेता येतो. येथे दोन ठिकाणी फसगत होते. आय-३ १२१०० एफ असे शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर स्वस्त मिळतो, पण त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. वेगळे ग्राफिक कार्ड घ्यावे लागते आणि वाचलेले पैसे त्यात जातात. दुसरे असे, की एच-६१० बोर्ड दोन प्रकारचे येतात, काही डीडीआर-४ रॅमचे तर काही डीडीआर-५चे. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. २०२५ च्या अखेरच्या महिन्यांत रॅमचे भाव जगभर चढले, म्हणून केवळ बोर्डचा भाव पाहू नका. तिन्ही वस्तूंची एकत्र बेरीज दोन दुकानांतून मागवा.

सेकंडहँड माल

जुनी जोडी घेणे गैर नाही, फक्त डोळे उघडे ठेवावेत. इंटेलच्या या बोर्डवर प्रोसेसरची खोबण बारीक पिनांची असते; बॅटरीच्या उजेडात एकही पिन वाकलेली नको. बोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले नसावेत. नामांकित कंपन्यांच्या कार्यालयांतून आलेले तयार संच मजबूत असतात, परंतु त्यांतील काहींचा वीजपुरवठा व बोर्ड खास त्यांच्याच मापाचा असतो. पुढे बिघडल्यास बाजारातला साधा भाग बसत नाही. दुकानातच अर्धा तास यंत्र चालवून घ्यावे.

आपल्या जिल्ह्यात उन्हाळा कडक आणि कापसाच्या गावांत धूळ व तंतू फार. प्रोसेसरचा पंखा त्यांनी भरतो, यंत्र तापते आणि मंद होते. वर्षातून दोनदा ब्लोअरने साफसफाई करावी. वीज जाते तेव्हा कमी वॅटचा प्रोसेसर यूपीएसवर अधिक वेळ टिकतो, हाही हिशेब धरावा.

पक्के बिल घ्या

संगणक व त्याच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने आपल्या जीएसटी क्रमांकासह बिल घेतले, तर धंद्यासाठी घेतलेल्या या वस्तूंवरचा कर वजा करून मिळतो. कंपोझिशन योजनेतील दुकानदाराला ही वजावट नाही. तरी हमीसाठी बिल त्यालाही हवेच. सीलबंद डब्यातील प्रोसेसरला कंपनीची हमी असते. सुट्या प्रोसेसरची हमी कोण देणार, हे बिलावरच लिहून घ्यावे. ‘बिल नको तर इतके कमी’ हा सौदा पहिल्या बिघाडालाच महाग पडतो.

तेव्हा बांधवांनो, क्रम असा ठेवा : आधी काम, मग पेनड्राइव्हची चाचणी, त्यानंतर एसएसडी व रॅम, आणि एवढ्यानेही भागले नाही तरच नवी जोडी. वाचलेले पैसे दुकानाच्या मालात घाला; संगणकाचे काम त्या मालाचा हिशेब ठेवण्याचे आहे.