क्षेत्र-अभ्यासाची माहिती एका सूत्रात

‘विहिरीला पाणी किती?’ एवढा साधा प्रश्न घेऊन पाच विद्यार्थी पाच दिशांना गेले, तर पाच तऱ्हेची उत्तरे येतात. एक जण ‘चार परस’ लिहितो, दुसरा ‘पंचवीस फूट’, तिसरा नुसतेच ‘भरपूर’. कोणी कठड्यापासून मोजतो, कोणी जमिनीपासून. कोणी पाणी किती खाली लागले ते लिहितो, तर कोणी विहिरीत किती पाणी उरले ते. मेहनत सर्वांनीच घेतलेली असते, पण ही उत्तरे एका तक्त्यात मांडता येत नाहीत. म्हणूनच बहुतेक शाळांत प्रकल्पवह्या तपासून होतात, गुण मिळतात आणि वह्या कपाटात जातात. पुढच्या वर्षीची मुले पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात.

यावर उपाय म्हणजे सर्वांसाठी माहिती-संकलनाची एकच व्यवस्था. गुडीहत्नूर परिसरातील शाळांना ती कशी आखता येईल, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

मोठे उदाहरण

मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने २००५ पासून ‘असर’ नावाचे सर्वेक्षण हाती घेतले. ग्रामीण भागातील मुलांना वाचन व गणित किती येते, हे त्यात घरोघरी जाऊन पाहतात. माहिती गोळा करणारे त्या त्या जिल्ह्यातील स्वयंसेवक असतात आणि त्यांत महाविद्यालयीन विद्यार्थीही पुष्कळ असतात. तरीही देशभराची माहिती एकमेकींशी ताडून पाहता येते, कारण पद्धत एकच आहे. गावाचे चार भाग करायचे, प्रत्येक भागातून ठरलेल्या रीतीने पाच घरे घ्यायची, म्हणजे गावात वीस घरे होतात. वाचनाच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मजकूर त्या त्या भाषेतला असतो, पायऱ्या मात्र सारख्याच.

आपण काय ठरवावे?

सुरुवात विहिरींच्या पाण्यापासून करणे सोयीचे आहे. त्यासाठी पुढील गोष्टी आधी ठरवाव्या लागतील.

१) प्रत्येक विहिरीला कायमचा क्रमांक द्यावा. मालक बदलला तरी क्रमांक बदलू नये.

२) पाण्याची खोली जमिनीच्या पातळीपासून मीटरमध्ये लिहावी. कठड्यावरून फीत सोडली असेल तर कठड्याची उंची वजा करावी. उदाहरणार्थ, कठड्यापासून पाणी २० फुटांवर लागले आणि कठडा ३ फुटांचा असेल, तर खोली १७ फूट, म्हणजे सुमारे ५.२ मीटर.

३) ‘विहीर कोरडी’ आणि ‘मोजमाप झाले नाही’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. जागा कोरी सोडली किंवा शून्य लिहिले, तर पुढे वाचणाऱ्याचा घोटाळा होतो.

४) महिने ठरलेले असावेत. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी साधारणपणे वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारीत, उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. आपणही तेच धरावे. उन्हाळ्याची नोंद सुट्टी लागण्यापूर्वी एप्रिलमध्ये घ्यावी.

५) मोजताना सोबत शिक्षक किंवा पालक असलेच पाहिजेत. कोणीही कठड्यावर वाकू नये.

दोन भाषांचा प्रश्न

आपल्याकडे एकाच शेतातल्या पिकाला मराठीत ‘कापूस’ आणि तेलुगूत ‘पत्ती’ म्हणतात. ‘ज्वारी’ची ‘जोन्नलु’ होते, ‘तुरी’चे ‘कंदुलु’, तर ‘विहिरी’ची ‘बावि’. दोन माध्यमांच्या मुलांनी आपापल्या भाषेत लिहिले, तर संगणक ही वेगवेगळी पिके समजेल. यासाठी प्रत्येक उत्तराला एक अंक द्यावा, जसे १ कापूस, २ ज्वारी, ३ तूर. प्रश्न दोन्ही भाषांत छापावे, साठवावा मात्र अंक. मराठी माध्यमातील मुलाची नोंद मंडल कार्यालयात कोणी वाचावी, अशी आपली इच्छा असेल तर हे करावेच लागेल.

वही की मोबाइल?

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ साली सुरू झालेली ‘ओपन डेटा किट’ ही मुक्त-स्रोत प्रणाली अशा कामासाठी जगभर वापरली जाते. तिच्यात एकच फॉर्म अनेक भाषांत दाखवता येतो. शेतात नेटवर्क नसले तरी नोंद भरता येते आणि नेटवर्क आल्यावर ती पाठवता येते. विहिरीच्या एकूण खोलीपेक्षा पाण्याची खोली जास्त लिहिली, तर ती नोंद अडवण्याचीही सोय करता येते. परंतु वरचे पाच नियम ठरलेले नसतील, तर मोबाइलमध्येही गोंधळच साठेल. म्हणून पहिले वर्ष छापील तक्त्यावर काढावे आणि सरावानंतर मोबाइलकडे वळावे, असे आम्हांस वाटते.

माहिती कोणाची?

घरोघरची माहिती ही विश्वासाने दिलेली गोष्ट आहे. विहिरीच्या तक्त्यात जात, कर्ज, उत्पन्न असे प्रश्न नकोत. मालकाची परवानगी आधी घ्यावी आणि बाहेर जाणाऱ्या तक्त्यात नाव न देता केवळ क्रमांक द्यावा. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. जमलेला तक्ता दरवर्षी ग्रामपंचायतीत लावावा, म्हणजे ज्यांनी माहिती दिली त्यांनाही ती पाहता येईल.

एका वर्षाच्या आकड्यांवरून फारसे कळत नाही. पाच-सहा वर्षांच्या नोंदी हाती आल्या, की कोणती विहीर दर उन्हाळ्यात आटते, कोणती टिकते, हे दिसू लागते. नवी बोअर घ्यावी की नाही, पिण्याच्या पाण्यासाठी कोणती विहीर राखून ठेवावी, याची चर्चा मग अंदाजावर चालणार नाही. आज सातवीत असलेला विद्यार्थी दहावीला जाईपर्यंत चार वर्षांच्या सलग नोंदी तयार होऊ शकतात.

यासाठी खर्च फार नाही. काही मोजफिती, छापील तक्ते आणि नोंदी जपून ठेवायला एक कपाट हवे. विश्वस्तांनी याचा विचार करावा. पालकांनी आपल्या विहिरीवर मुलांना मोजमाप करू द्यावे आणि त्या वेळी स्वतः हजर राहावे. विद्यार्थ्यांनी जे दिसले तेच लिहावे. आकडा सुंदर दिसावा म्हणून बदलू नये. एवढे झाले तर मुलांच्या वह्या गावाच्या दप्तरात जमा होतील.