उन्हाळ्यात मोटारसायकल चालवताना अंगावर काय असावे?

एप्रिल उजाडला की अकोला, चंद्रपूर, जळगावकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि मोटारसायकलवाल्यांच्या अंगावरचे संरक्षण एकेक करून उतरू लागते. बूट जाऊन चप्पल येते, पूर्ण बाह्यांचा सदरा जाऊन अर्ध्या बाह्यांचा येतो आणि हेल्मेट डोक्यावरून कोपरात येते. "डॉक्टरसाहेब, एवढ्या उन्हात जीव घाबरतो," असे रुग्ण सांगतात. त्यांची तक्रार खरी आहे. पण उघड्या अंगाने गाडी चालवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

हेल्मेट असे कोपरात अडकवलेला एक तरुण माझ्याकडे आला होता. वळणावरच्या वाळूवरून गाडी घसरली, वेग जेमतेम तीसचा. नशिबाने डोके वाचले. पण दोन्ही तळहातांची साल निघाली, गुडघ्यात बारीक खडी रुतली आणि पायाचा अंगठा मोडला. खडी काढायलाच पाऊण तास लागला. साधे हातमोजे, बूट आणि जाड पँट असती तर यातले बरेचसे टळले असते.

वारा केव्हा थंड करतो?

आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता काढून नेतो. हवा ४३ अंशांची असेल तर तोच वारा अंगात उष्णता भरतो. अशा वेळी शरीराजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम वाळवणे. घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो. टाकीतले पाणी संपले की तो गरम हवा फेकतो, हा अनुभव सर्वांना आहे. गाडीच्या वाऱ्यात घाम क्षणात वाळतो, म्हणून "मला घामच येत नाही" असे वाटते. प्रत्यक्षात शरीराची टाकी रिकामी होत असते. उन्हात राबणारा शेतकरी पूर्ण बाह्यांचा सैल सदरा घालून डोक्याला दुपट्टा बांधतो. त्याने हे शास्त्र अनुभवाने ओळखले आहे. गाडीवर मात्र झाकणाऱ्या कपड्याने पडल्यावरही साथ द्यायला हवी.

काय निवडावे?

१. हेल्मेट : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार अपघातांत दगावले, त्यांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. म्हणजे घरात एक हेल्मेट पुरत नाही. आयएसआय चिन्ह पाहूनच घ्यावे. हनुवटी झाकणारे उत्तम, कारण पडताना जबडाही आपटतो. पुढे-मागे हवेची भोके असलेले आणि फिक्या रंगाचे निवडावे. आतला थर्मोकोलसारखा थर डोक्याला बसणारा मार झेलतो, तसाच वरच्या उन्हाचा तापही अडवतो. पट्टा बांधून हेल्मेट मागून पुढे ढकलून पाहावे. निघून येत असेल तर माप मोठे आहे. आत जाड दुपट्टा गुंडाळू नये, त्याने हेल्मेट सैल बसते. पातळ सुती टोपी पुरे. अस्तर नियमित धुवावे. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे.

२. हातमोजे : पडताना माणूस आपोआप हात टेकतो. वर जाळी आणि तळव्याला चामडे किंवा जाड अस्तर असलेले मोजे घ्यावेत.

३. पायात : घोटा झाकणारे बूट आणि सुती मोजे. चपलेत बोटे सुरक्षित राहत नाहीत. अंगावरची पँट जाड आणि पूर्ण लांबीची हवी. सायलेन्सरने पोटरी भाजलीच तर वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावी. टूथपेस्ट किंवा शाई लावू नये.

४. जाकीट : रोज महामार्गावरून लांब जाणाऱ्यांनी जाळीचे जाकीट घ्यावे. खांदे, कोपर व पाठीला गाद्या असलेले आणि त्या गाद्यांवर 'सीई' चिन्ह असलेले पाहावे. ते अंगाबरोबर बसणारे हवे, नाहीतर पडताना गादी जागेवरून सरकते. चामडे घासण्याला जास्त टिकते, पण आपल्या उन्हात ते झेपत नाही. आत सुती बनियन घालावी. ती ओली केली तर जाळीतून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याने चांगला गारवा मिळतो. कोकणच्या दमट हवेत याचा उपयोग कमी. पातळ नायलॉन-पॉलिएस्टरचा सदरा रस्त्यावर घासला की तापून वितळतो आणि कातडीला चिकटतो, म्हणून जाकीट परवडत नसेल तर जाड सुती, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा.

सगळे एकदम घेणे प्रत्येकाला शक्य नाही. आधी हेल्मेट, मग बूट, मग हातमोजे आणि शेवटी जाकीट, असा क्रम ठेवावा. भगिनींनी ओढणी आणि पदर नीट खोचून बसावे. चाकात किंवा साखळीत तो अडकल्याने जीवघेणे अपघात होतात.

उन्हाचे पथ्य

चांगल्यात चांगले जाकीटही भर दुपारच्या प्रवासाचा परवाना नव्हे. शक्यतो बारा ते चार टाळावे. निघण्यापूर्वी दोन पेले पाणी प्यावे. तासाभराने सावलीत थांबून हेल्मेट व जाकीट काढावे, पाणी, ताक किंवा मीठ-साखरेचे पाणी घ्यावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, किंवा हृदयाचा वा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर किती पाणी प्यावे हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

डोके ठणकणे, मळमळ, पायात गोळे, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवले तर "गाव जवळच आहे" म्हणून गाडी रेटू नका. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा भान हरपू लागला तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ वर फोन करावा. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये.

या उन्हाळ्यात हेल्मेट कोपरात अडकवण्याआधी एवढा विचार करा : कोपर मोडले तर प्लास्टर घालता येते, डोक्याला प्लास्टर नाही.