दीड रुपया टन

उत्तर कन्नड जिल्ह्यात दांडेलीला वेस्ट कोस्ट पेपर मिल उभी राहिली ती १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात. काळी नदीचे पाणी हाताशी होते आणि भोवतालच्या जंगलात कळक आणि मानवेल हे दोन्ही बांबू इतके होते, की ते कधी संपतील असे कोणाच्या मनात येऊ नये. सरकारने कारखान्याला हा बांबू टनाला दीड रुपया दराने दिला. टोपल्या, सुपे, तट्टे विणून पोट भरणारे तिथले मेदार, म्हणजे आपल्याकडचे बुरूड, त्यांना मात्र बाजारातूनच माल घ्यावा लागे, आणि बाजारभाव टनाला तीन हजार रुपयांच्या वर होता, असे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी नोंदवून ठेवले आहे. आपल्या सगळ्या वनव्यवस्थापनाची गोष्ट या दोन आकड्यांतून सुरू करता येते. जी वस्तू जवळपास फुकट मिळते, ती राखून वापरायची गरज कोणाला वाटणार?

बुरुडांनी आरडाओरडा केला, बांबू मिळेनासा झाला म्हणून गाऱ्हाणी नेली. वनखात्याचे उत्तर ठरलेले होते: गावकऱ्यांची गुरे कोंब खातात, गावकरी वणवे लावतात, म्हणून बांबू घटला. खरे काय ते तपासण्याचे काम १९७०च्या दशकात गाडगीळांकडे आले. पुण्यात वाढलेले, हार्वर्डहून शिकून परतलेले आणि १९७३पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत असलेले गाडगीळ आपले सहकारी नरेंद्र प्रसाद यांच्यासह जंगलात उतरले.

त्यांना काय दिसले, हे समजायला बांबूची रीत माहीत असावी लागते. बांबू हे गवत आहे. जमिनीखालच्या कंदापासून पावसाळ्यात कोंब फुटतो आणि दोन-चार महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. जाडी कोंबाची असते तेवढीच कायम राहते, झाडाच्या बुंध्यासारखी ती वर्षागणिक वाढत नाही. पुढची दोन-तीन वर्षे काठी फक्त पक्की होते. इतक्या झपाट्याने वाढणाऱ्या कोंबाला स्वतःचे अन्न करायला सवडच नसते, बेटातल्या आधीच्या काठ्यांनी साठवलेल्या अन्नावर तो पोसला जातो. म्हणून जुन्या काठ्या सरसकट तोडल्या, की पुढच्या पावसाळ्यात येणारे कोंब बारीक आणि खुरटे निघतात. बेट मरत नाही, पण हलके होत जाते. गणतीच्या कागदावर बेटांची संख्या तशीच राहते, आणि फसगत होते ती इथेच.

शिवाय बेट आतून बाहेर पसरते. जुन्या, तोडायला योग्य काठ्या मधोमध असतात. कोवळ्या आणि पुढच्या वर्षी कोंब पोसणाऱ्या काठ्या कडेला. तोडणीचे नियम सांगतात की कडेच्या राखा, आत शिरून जुन्या काढा, पावसाळ्यात कोयता लावू नका, दर बेटात ठरावीक काठ्या ठेवा. नियम चांगले आहेत. पण परगावाहून आणलेल्या, वजनावर मजुरी घेणाऱ्या माणसाने काटेरी गुंत्यात शिरून मधली काठी ओढून काढावी, असे त्याला का वाटावे? तो कडेची तोडतो. वर्षानुवर्षे प्रत्येकजण तेच करतो, आणि बेटाच्या वाढीची कडच जाते.

सगळ्यात बोलकी गोष्ट काट्यांची. कळकाच्या बेटाला बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. ते साफ केले तर बेट मोकळे होईल, काठ्या सरळ येतील आणि तोडणीही सोपी पडेल, असे वनखात्याच्या आणि कारखान्याच्या तज्ज्ञांचे मत. त्याप्रमाणे काटे साफ करण्याचा उपाय अमलात आला. गावकरी सांगत होते की हे चुकते आहे, काटे गेले की कोंब उघडे पडतात आणि गुरे, वानरे, साळिंदरे ते फस्त करतात. गाडगीळ आणि प्रसाद यांनी साफ केलेली आणि न केलेली बेटे पाहिली, कोंबांचा माग ठेवला. गावकऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. गुरांना दोष देणाऱ्यांनीच गुरांसाठी कुंपण काढून दिले होते. शास्त्राच्या नावाने चाललेला हा उपाय कोणी तपासलाच नव्हता. नेमके शास्त्र तिथेच गैरहजर होते, असे मला वाटते.

कारखान्याचे फार बिघडले नाही. जवळचा बांबू सरला तेव्हा त्याने लांबचा आणला, जिल्ह्याबाहेरचा आणि मग राज्याबाहेरचा. बुरुडाला तसे जाता येत नाही. बांबूला पर्याय म्हणून पश्चिम घाटात सदाहरित रान तोडून त्या जागी निलगिरी लावण्याचाही प्रयोग झाला, पण मुसळधार पावसाच्या त्या पट्ट्यात निलगिरीवर बुरशीचा रोग पडला आणि कित्येक लागवडी वाया गेल्या. जुने जंगल तर आधीच हातचे गेले होते.

बांबूच्या आयुष्यात आणखी एक अडचण आहे, ती माणसाने आणलेली नाही. कळकाला साधारण चाळीस-पन्नास वर्षांनी एकदाच फुलोरा येतो, बी धरते आणि बेट वाळून जाते. एका प्रदेशातली बेटे बहुधा बरोबरच फुलतात. इतके बी एकदम पडले, की उंदीर-पाखरांनी कितीही खाल्ले तरी थोडे रुजायला उरतेच. मिझोराममध्ये दर ४८ वर्षांनी एक बांबू असा फुलतो. १९५९च्या फुलोऱ्यानंतर उंदीर माजले, पिके गेली, दुष्काळ पडला, आणि मदतीसाठी निघालेल्या संघटनेतूनच मिझो नॅशनल फ्रंट जन्माला येऊन १९६६चे बंड झाले. आपल्याकडे एवढे रामायण झाले नाही. पण वाळलेली बेटे वणव्याला आयतीच मिळतात, आणि त्याच जमिनीवर रुजत असलेली इवली रोपे जळतात किंवा चरली जातात. बेट पुन्हा तोडणीजोगे व्हायला बरीच वर्षे जातात. तेवढा काळ कोणी थांबेल का, हा त्या जंगलापुरता कळीचा प्रश्न.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने हा प्रश्न स्वतःवर घेतला. या भागातला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी तुटत असे आणि मेंढ्याच्या गोंड गावकऱ्यांनी त्याला विरोध केला. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने चाललेल्या अभ्यासगटांत जंगलाची चर्चा वर्षानुवर्षे होत होती. २००६चा वनहक्क कायदा आला आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही बांबू विकता येईना. १९२७च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती, त्यामुळे तो इमारती लाकडासारखा खात्याचाच, आणि वाहतूक परवाना खातेच देणार, अशी अडवणूक चालू राहिली. खरे तर नव्या कायद्याने बांबू स्पष्ट शब्दांत गौण वनोपज ठरवला होता. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह गावात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले.

त्यानंतर बांबूचा भाव ठरवणे, तोडणी करणे आणि मजुरी वाटणे ग्रामसभेकडे आले. तोडणारा माणूस आता गावचा आहे. पुढच्या पावसाळ्यात त्याच रांजीत (बेटात) वास्ते (कोवळे कोंब) शोधायला त्याच्याच घरचे जाणार, तेव्हा कडेची काठी राखायला त्याच्यापाशी कारण आहे. सगळ्याच ग्रामसभा असे करतात, असा दावा मी करणार नाही. कंत्राटदाराची उचल घेऊन तोडणी त्याच्या हाती सोपवायचा मोह गावालाही होतोच.

खरी कसोटी फुलोऱ्याच्या वेळची. तेव्हा वाळलेला बांबू एकदाच निघतो, आणि नंतर कित्येक वर्षे जमेची बाजू कोरी राहते, रोपे गुरांपासून आणि वणव्यापासून राखायचा खर्च मात्र चालूच. त्यासाठी आधीच्या कमाईतून निधी बाजूला काढून ठेवणे हा एक मार्ग, तेंदू आणि मोहावर ती वर्षे काढणे हा दुसरा. कारखान्यापाशी तिसराही होता, पुढचे जंगल गाठण्याचा.