खाडी गाळाने भरली म्हणून लांबलेली रेल्वे

इंग्लंडच्या केंट परगण्यात सिटिंगबोर्न इथे एडवर्ड लॉइड या वृत्तपत्रमालकाने एकोणिसाव्या शतकात कागद गिरणी उभी केली, ती आपल्याच छापखान्याची भूक भागवायला. लाकडाचा लगदा मिल्टनच्या खाडीतून पडावांनी यायचा आणि धक्क्यावरून गिरणीपर्यंतचे डबे आधी घोडे ओढायचे. १९०५च्या सुमारास घोडे गेले. ‘प्रीमियर’ आणि ‘लीडर’ ही वाफेची इंजिने आली. रूळ अडीच फुटी, आपल्या बार्शी लाइट रेल्वेचा पूर्वी होता तोच गेज.

खाडी मात्र गाळाने भरत होती. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे स्वेल या सामुद्रधुनीच्या खोल पाण्यावर रिडम गोदी बांधली गेली आणि रूळ तिथवर गेले. मध्ये लागणारी दलदल आणि वस्ती ओलांडायला काँक्रीटचा लांबलचक पूल घातला. १९२४ साली केम्स्लीला दुसरी गिरणी झाली, १९३६ साली सगळा पसारा बोवॉटर कंपनीकडे गेला. लगदा, चिनी माती, तयार कागदाची रिळे यांच्याबरोबर पाळीचे कामगारही याच गाडीने ये-जा करत.

सगळ्यात मोठी धास्ती ठिणगीची. चहूकडे कागद आणि धुराड्यातून निखारे, हे कसे परवडणार? इंजिनांच्या धुराड्यांवर ठिणग्या अडवणारे फुगीर टोप बसवले. ‘युनिक’ नावाच्या इंजिनात तर आगच नव्हती: गिरणीच्या बॉयलरमधून त्याची टाकी गरम पाण्याने आणि वाफेने भरायची, वाफ उतरली की पुन्हा भरायला आणायचे. मला तरी या रेल्वेतली सर्वांत शहाणी कल्पना हीच वाटते.

१९६५ साली कंपनीने हिशेब मांडला आणि लॉरी स्वस्त ठरली. पण बोवॉटरने सगळे रूळ भंगारात काढले नाहीत. ४ ऑक्टोबर १९६९ रोजी सिटिंगबोर्न ते केम्स्ली हा टप्पा रेल्वेप्रेमींच्या मंडळाकडे सोपवला; रिडमकडचा भाग मात्र गेला. त्याआधीच, १९५३ साली घेतलेले ‘मोनार्क’ हे जोड-सांध्याचे इंजिन वेल्समधल्या एका रेल्वेला विकले गेले होते.

२००७ साली सिटिंगबोर्नची गिरणी बंद पडली. जमिनीचा ताबा बदलल्याने स्वयंसेवकांची गाडीही काही काळ थांबली, आणि मग त्यांनी ती पुन्हा सुरू केली. केम्स्लीची गिरणी आजही कागद काढते, आता रद्दीपासून. तिचा माल रस्त्याने जातो. जुन्या रुळांवरून उन्हाळ्यात पर्यटकांच्या गाड्या धावतात.