वेबसाइटऐवजी कोड दिसतोय? आधी हे करा

वेबसाइट उघडल्यावर पानाऐवजी कोड दिसला किंवा फाइलच डाउनलोड झाली, तर सर्व्हर बंद नाही. तो पीएचपी चालवत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

असे का होते?
अपाचे, इंजिन-एक्स हे सर्व्हर मुळात फाइल पोहोचवतात. पीएचपी फाइल चालवण्यासाठी ती पीएचपीकडे सोपवावी लागते. अपडेटनंतर ही जोडणी तुटली, की फाइल जशीच्या तशी ब्राउझरमध्ये येते.

धोका काय?
कोडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असू शकतो. ऑगस्ट २००७ मध्ये एका सर्व्हरच्या चुकीच्या सेटिंगमुळे फेसबुकच्या मुख्य पानाचा कोड काही वापरकर्त्यांना दिसला आणि तो इंटरनेटवर पसरला.

काय कराल?
● प्रथम साइट तात्पुरती बंद करा.
● अपाचेवर पीएचपी मॉड्यूल सुरू आहे का, ते पाहा.
● इंजिन-एक्सच्या सेटिंगमध्ये पीएचपी फाइल पीएचपी-एफपीएमकडे पाठवण्याची नोंद आहे का, ते तपासा. कोडऐवजी ‘५०२’ एरर येत असेल, तर बहुधा एफपीएम बंद आहे.
● सेटिंग बदलल्यावर सर्व्हर रीस्टार्ट करा.
● शेवटी पासवर्ड बदलाच. साइट पूर्ववत झाली, तरी एकदा उघड झालेला पासवर्ड पुन्हा गुप्त होत नाही.