गाडी फक्त चोकवरच चालते? आधी पायलट जेट बघा

परवा आमच्या बंगळुरूच्या सोसायटीतल्या काकांनी जुनी यामाहा आरएक्स १०० दाखवायला आणली. चोक ओढला की चालू, सोडला की बंद. पावसाळाभर गाडी उभीच होती.

अशा वेळी बहुतेकदा कार्ब्युरेटरमधला पायलट जेट चोकअप झालेला असतो. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावाही ओढून घेतं.

साफ कसा करायचा?

१. पेट्रोल कॉक बंद करा, कार्ब्युरेटरच्या बाऊलमधलं पेट्रोल काढा.

२. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा, किती फेरे बसले ते लिहून ठेवा. मगच बाहेर काढा. बसवताना तेवढेच फेरे सोडा.

३. पायलट जेट काढून त्यावर कार्ब क्लीनर मारा, मग हवा. उजेडासमोर धरल्यावर भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. तार घालू नका. जेट पितळेचा असतो, भोक मोठं झालं तर ट्यूनिंग कायमचं बिघडतं.

ओव्हरफ्लो पाइपमधून पेट्रोल गळत असेल तर फ्लोट आणि नीडल तपासा.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटरवर आहे. इथे हवा थोडी विरळ, त्यामुळे मुंबईत सेट केलेली गाडी इथे किंचित रिच चालते. प्लग काळा पडत असेल तर हेही लक्षात घ्या.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बाऊल रिकामा करून ठेवा.

तुमच्या गाडीला काय त्रास आहे? मॉडेल आणि प्लगचा फोटो कमेंटमध्ये टाका, बघू या.