दिवा, ड्रोन आणि मथळा

२०२४च्या जून-जुलैत जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्या सतत येत होत्या. चोर घरांची टेहळणी करतात, अशी धास्ती होती. गावोगाव तरुण काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन जागत होते.

त्या बातम्या मी अलीकडे पुन्हा वाचल्या. त्यांत मला खटकले ते एक नाम. माणसाला दिसतो दिवा, ऐकू येते घरघर. मथळ्यात मात्र थेट ‘ड्रोन’ येतो. दिवा हा अनुभव आहे, ड्रोन हा निष्कर्ष. मागे झाड किंवा डोंगर नसेल तर अंधारातला ठिपका दोनशे फुटांवर आहे की दोन मैलांवर, हे डोळ्याला सांगता येत नाही. विमानाच्या डाव्या पंखावर लाल आणि उजव्या पंखावर हिरवा दिवा असतो. अनेक ड्रोनवरही हेच रंग असतात. काही ठिकाणी खरेच ड्रोन असतील. लग्नाच्या चित्रीकरणापासून फवारणीपर्यंत ते आता खेड्यात पोचलेच आहेत. पण साधा ड्रोन एका बॅटरीवर जेमतेम अर्धा तास उडतो. दिवा किती वाजता, कोणत्या दिशेला आणि किती वेळ दिसला, एवढे छापले असते तरी निम्मा उलगडा झाला असता.

ही खोड जुनी आहे. २४ जून १९४७ रोजी अमेरिकी वैमानिक केनेथ अर्नोल्ड याला माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. आपण बशीची उपमा त्यांच्या चालीला दिली होती, असे तो पुढे सांगत राहिला; वृत्तपत्रांनी ती आकाराला लावली आणि ‘उडती तबकडी’ जन्मली. दोनच आठवड्यांनी रॉसवेलच्या लष्करी तळाने स्वतःच तबकडी हाती लागल्याचे पत्रक काढले आणि लगेच ते फिरवून हवामानाचा फुगा म्हटले. सोव्हिएत अणुचाचण्यांचा कानोसा घेणाऱ्या ‘मोगल’ या गुप्त प्रकल्पाच्या फुग्याचे ते अवशेष, हे हवाई दलाने सांगितले १९९४ मध्ये. म्हणजे सरकारने काही लपवले होते, हा संशय खराच होता. लपवलेली वस्तू तेवढी वेगळी निघाली. सत्तेचाळीस वर्षांत त्या जागी काय काय उगवले ते आपण सिनेमांत पाहिलेच आहे.

आपल्याकडचे सरकारी मौन बहुधा एवढे खोल नसते. ते आळशी असते. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हे आवाहन पोलिसांनी याही वेळी केले. पण काय तपासले, त्यात काय निघाले, हे त्या वाक्यात येत नाही, आणि बातमीदारही ते वाक्य शेवटच्या परिच्छेदात टाकून मोकळा होतो. वाचकाच्या मनात राहतो तो मथळा.

रात्री काठी घेऊन उभ्या असलेल्या पोरांनीही तोच वाचलेला असतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते.